फळीवर मावलेला खर्ज : घरी जोडलेल्या स्पीकरचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #ध्वनी

१/
पुस्तकांच्या फळीवर दोन टोकांना दोन लहान लाकडी पेट्या आणि त्यांतून भरून येणारा तंबोऱ्याचा खर्ज, हे दृश्य आज कोणालाच नवलाचे वाटत नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी मात्र असा खर्ज घरात आणायचा तर कपाटाएवढी पेटी ठेवावी लागे. ती पेटी लहान कशी झाली, हा या इतिहासातला पहिला प्रश्न. ती सुट्या भागांतून, स्वतःच्या हातांनी, घरच्या घरी कोणालाही जोडता येईल अशी कशी झाली, हा दुसरा. वस्तू स्वस्त होणे आणि तिच्यामागचे ज्ञान खुले होणे या दोन निराळ्या घटना असतात. म्हणून दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

२/
आधी अडचण समजून घेऊ. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. खर्जाच्या लाटा फार लांब असतात. ४० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी सुमारे साडेआठ मीटर भरते. इतकी लांब लाट शंकूच्या कडेला सहज वळसा घालते. मग पुढची आणि मागची लाट एकमेकींना खोडून काढतात आणि खर्ज नाहीसा होतो. म्हणून मागचा आवाज पेटीत कोंडणे भाग पडते. पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ताठ होते आणि पेटी जितकी लहान तितकी ही स्प्रिंग अधिक ताठ. ताठ स्प्रिंगवर बसलेला शंकू खोल खर्ज देऊ शकत नाही. साऱ्या कथेचे मूळ या पेचात आहे.

३/
आजच्या स्पीकरचा पूर्वज १९२५ सालचा. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्या वर्षी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कर्ण्याची गरज नसलेला, चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा स्पीकर त्यात मांडला होता. हलत्या वेटोळ्याची कल्पना तशी जुनी. जर्मनीत एर्न्स्ट सीमेन्स याने १८७४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज याने १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. राइस-केलॉग यांचे वेगळेपण गणितात होते. शंकूचा स्वतःचा नैसर्गिक कंप ऐकण्याच्या पट्ट्याच्या तळाशी ठेवला, तर त्याच्या वरच्या स्वरांत आवाज सारखा राहतो, हे त्यांनी दाखवून दिले.

४/
मोठ्या पेटीवर तोडगे निघत राहिले. बेल लॅबोरेटरीजमधील अल्बर्ट थुरास याला १९३२ मध्ये एका पेटंटची मान्यता मिळाली. पेटीला मोजून-मापून एक झरोका ठेवायचा आणि आतल्या हवेला खर्जाच्या मदतीस लावायचे, ही त्याची युक्ती. १९४० च्या दशकात अर्कान्सामधील पॉल क्लिप्श याने याहून वेगळी वाट धरली. त्याने दुमडलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवला आणि दोन भिंतींनाच त्या कर्ण्याचा पुढचा भाग बनवले. आवाज भव्य होता. पेटीही तितकीच भव्य होती. खोलीत रिकामा कोपरा नसलेल्या भाडेकरूसाठी या शोधात काही नव्हते.

५/
दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक म्हणजे रेडिओ आणि रडार यांचे शिक्षण घेतलेले हजारो तरुण सैनिक. दुसरी म्हणजे लष्कराला नको झालेल्या विद्युत सामानाचे ढीग. त्यातच १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घवादनाची तबकडी बाजारात आणली. तबकडीत आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक ध्वनी होता, पण घरातला रेडिओग्राम तो ऐकवू शकत नव्हता. हात शिकलेले, सामान उपलब्ध आणि कान असमाधानी, अशी ही वेळ होती.

६/
किटचा धंदा या वेळेवर उभा राहिला. अमेरिकेतील मिशिगन राज्यातील हीथ कंपनी मुळात विमानांची. तिचा संस्थापक एडवर्ड हीथ घरी जोडता येणाऱ्या छोट्या विमानाचे भाग विकत असे. १९३१ मध्ये तो विमान अपघातात मरण पावला. पुढे हॉवर्ड अँथनी याने कंपनी घेतली. युद्धोत्तर शिल्लक सामानातून त्याने १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचे किट ३९.५० डॉलरला विकायला काढले. सोबतच्या पुस्तिकेत एकेक तार कोठे जोडायची हे क्रमाने सांगितलेले असे आणि प्रत्येक पायरीपुढे खूण करण्यास चौकोन असे. हीथकिट हे नाव लवकरच घरोघरी गेले. ॲम्प्लिफायर आले, रेडिओ आले, पाठोपाठ स्पीकरही आले.

७/
इंग्लंडमध्ये हेच काम निराळ्या वळणाने झाले. यॉर्कशरमधील गिल्बर्ट ब्रिग्ज कापडधंद्यातला माणूस. १९३२ मध्ये त्याने घराच्या तळघरात स्पीकर बनवायला सुरुवात केली आणि परिसरातल्या व्हार्फ नदीच्या खोऱ्यावरून उद्योगाला व्हार्फडेल हे नाव दिले. १९४८ मध्ये त्याने स्पीकरवर एक सोपे पुस्तक लिहिले. पेटीची मापे, लाकडाची जाडी, कंपनाची कारणे हे सारे ग्राहकाला सांगून टाकणारा हा उत्पादक होता. पेटीच्या भिंती दुहेरी करून मध्ये कोरडी वाळू भरली की त्या थरथरत नाहीत, ही त्याची शिकवण वाचून अनेकांनी घरी पेट्या केल्या. ज्ञान दिल्याने धंदा बुडत नाही, असा त्याचा अनुभव होता.

८/
पेटी लहान करण्याचे श्रेय मुख्यतः एडगर विल्चर (१९१७–२०११) याला जाते. त्याचे शिक्षण कलेतिहासाचे. युद्धकाळात सैन्याने त्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. युद्धानंतर न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात त्याने रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले, नियतकालिकांत लेख लिहिले आणि न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादनाचा वर्ग घेतला. अभियांत्रिकीची रीतसर पदवी नसलेला हा माणूस मोठ्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांपासून दूर, वुडस्टॉक या गावी राहून विचार करत होता.

९/
त्याचा विचार असा. वूफरचा शंकू कडेच्या आणि मागच्या लवचीक आधारांवर टांगलेला असतो आणि तेच त्याला पुन्हा जागेवर आणतात. कापड-कागदाचे हे आधार ताणले की समप्रमाणात वागत नाहीत, म्हणून जोराच्या खर्जात आवाज विकृत होतो. लहान पेटीतली हवा ही याच्या भरीला आणखी एक स्प्रिंग. विल्चरने हिशेब उलटा मांडला. शंकूचा स्वतःचा आधार जवळजवळ सैल सोडून द्यायचा आणि शंकूला मागे खेचण्याचे काम कोंडलेल्या हवेकडे सोपवायचे. हवा कापडापेक्षा पुष्कळच समप्रमाणात वागते. या मांडणीत पेटीचे लहानपण ही उणीव राहिली नाही. पेटी हाच यंत्राचा एक भाग झाला.

१०/
कल्पना कागदावर होती. तितका सैल आधार असलेला वूफर बाजारात मिळत नव्हता. तेव्हा विल्चरची पत्नी रोझमेरी पुढे आली. युद्धकाळात तिने तांत्रिक आरेखनाचे काम केले होते. शंकूच्या कडेला बसेल असा नमुना तिने आखला आणि गादीच्या खोळीच्या कापडातून ती कड तयार केली. विसाव्या शतकातील ध्वनितंत्राचे एक मोठे वळण अशा घरगुती साहित्यातून आकाराला आले. प्रचलित कथनांत ‘विल्चरचा शोध’ असा एकवचनी उल्लेख होतो. तो वाचताना ही गादीची खोळ विसरू नये.

११/
प्रस्थापित उत्पादकांनी कल्पना नाकारली. विल्चरच्या वर्गात हेन्री क्लॉस हा तरुण विद्यार्थी होता. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे तो आधीपासून स्पीकरच्या पेट्या बनवत असे. १९५४ मध्ये दोघांनी तेथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. त्यांचे सहकारी होते माल्कम लो आणि अँटन हॉफमन. हॉफमन हा विख्यात पियानोवादक योझेफ हॉफमन यांचा मुलगा. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ध्वनिप्रदर्शनात कंपनीने एआर-१ हा स्पीकर मांडला. पेटी बंद आणि आकाराने आटोपशीर होती, आतील खर्ज मात्र कपाटांना लाजवणारा. १९५७ मध्ये क्लॉस, लो आणि हॉफमन वेगळे झाले आणि तिघांच्या आद्याक्षरांनी केएलएच ही कंपनी निघाली.

१२/
निसर्ग काहीही फुकट देत नाही. हॉफमनच्या नावाने एक नियम आजही सांगितला जातो. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. एआरने पहिल्या दोन निवडल्या आणि तिसरी सोडली. क्लिप्शचा कर्णा काही वॉटवर खोली दणाणून सोडत असे. एआरच्या पेटीला तितक्याच आवाजासाठी कितीतरी पट शक्तीचा ॲम्प्लिफायर लागे. आकाराची अडचण सुतारकामातून विजेकडे सरकली. पुढच्या काळात ट्रान्झिस्टरमुळे वॉट स्वस्त होत गेले, म्हणून हा सौदा फायद्याचा ठरला.

१३/
दुसरा हातभार स्टिरिओचा. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या. आता प्रत्येक घराला एकाच्या जागी दोन स्पीकर हवे होते. एक कपाटवजा पेटी कशीबशी सहन करणारी बैठकीची खोली दुसरी सामावून घेईना. त्याच वर्षी एआर-३ आला. उंच आणि मध्यम स्वरांसाठी त्यात घुमटाच्या आकाराचे छोटे पडदे होते, आणि ती युक्ती आजच्या असंख्य ट्वीटरांत टिकून आहे. पेटी सुमारे २५ इंच लांब, म्हणजे भक्कम फळीवर आडवी ठेवता येण्याजोगी. ‘बुकशेल्फ’ हे विशेषण याच काळात रुळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात एआर-३ आज जतन केलेला आहे.

१४/
आता पेटंटाची गोष्ट. विल्चरला १९५६ मध्ये पेटंट मिळाले होते. प्रतिस्पर्धी इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने त्याला आव्हान दिले. आरसीएमधील हॅरी ओल्सन आणि जॉन प्रेस्टन यांचे १९४९ चे पेटंट पुढे आले. त्यात हवेच्या आधाराची कल्पना आधीच नोंदलेली होती. विल्चरचे पेटंट टिकले नाही आणि त्याने अपीलही केले नाही. ओल्सनच्या कागदावर कल्पना होती, पण तिच्यावरून बाजारात वस्तू आली ती विल्चरकडून. ‘पहिला कोण?’ हा प्रश्न इतिहासात वाटतो तितका सरळ नसतो तो असा. परिणाम मात्र स्पष्ट झाला. बंद लहान पेटीचे तत्त्व कोणाच्याही मालकीचे राहिले नाही, आणि इतर उत्पादकांबरोबरच घरी हात चालवणाऱ्यांनाही ते मोकळे झाले.

१५/
अकूस्टिक रिसर्चच्या रचनेचा स्पीकर पुढे हीथकिटच्या यादीतही आला. अशा किटच्या खोक्यात साधारणतः वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हरचे भाग, जोडणीच्या तारा, आत भरायची काचलोकर, स्क्रू आणि पुस्तिका असे. पेटी कधी तयार मिळे, कधी कापलेल्या फळ्यांच्या रूपात, तर कधी केवळ नकाशा म्हणून. क्रॉसओव्हरचे काम वाटपाचे. तारेचे वेटोळे उंच स्वर अडवून खर्ज वूफरकडे सोडते. कपॅसिटर खर्ज अडवून उंच स्वर ट्वीटरकडे पाठवतो. काचलोकर पेटीत घुमणारा आवाज शोषते. तयार स्पीकरच्या किमतीत लाकूडकाम, पॉलिश आणि अवजड पेटीची वाहतूक यांचा वाटा मोठा असे. किट घेणारा तेवढा वाटा आपल्या रविवारातून फेडत असे.

१६/
येथे एक भेद करायला हवा. पुस्तिकेप्रमाणे स्क्रू पिळणारा माणूस स्पीकर जोडत होता. त्याची रचना करणे अजून त्याच्या आवाक्याबाहेर होते. वूफर बदलला तर पेटी किती लिटरची करावी? झरोका ठेवला तर किती लांबीचा? ही उत्तरे कारखान्यांतल्या अनुभवी लोकांकडे होती आणि तेथेही बरेचसे काम ऐकून, कापून, पुन्हा ऐकून चाले. किटने हातांना काम दिले होते. डोक्याला लागणारे साधन अजून आले नव्हते. ते एका अनपेक्षित दिशेने आले, ऑस्ट्रेलियाहून.

१७/
नेव्हिल थील (१९२०–२०१२) हा ब्रिस्बेनमध्ये जन्मलेला अभियंता. १९६१ मध्ये त्याने झरोका असलेल्या पेट्यांवर एक निबंध ऑस्ट्रेलियातील एका अभियंता-संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. स्पीकर आणि पेटी मिळून विद्युत फिल्टरसारखेच वागतात, म्हणून फिल्टरचे तयार गणित त्यांना जसेच्या तसे लावता येते, हा त्याचा गाभा. त्याने २८ प्रकारच्या जुळण्यांचा तक्ताच देऊन टाकला. तक्ता पाहायचा, मापे काढायची आणि लाकूड कापायचे. पण जगाच्या त्या टोकाला छापलेला निबंध बाहेर फार थोड्यांनी वाचला. दहा वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेच्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकाने तो पुन्हा छापला आणि मगच त्याचे मोल कळले.

१८/
थीलचे काम पुढे नेणारा रिचर्ड स्मॉल हा मूळचा अमेरिकन, सिडनी विद्यापीठात संशोधन करणारा. १९७२ आणि १९७३ मध्ये त्याने बंद पेटी आणि झरोक्याची पेटी या दोन्हींवर निबंधमाला लिहिली. त्यांतून जी मोजमापे रूढ झाली त्यांना जग ‘थील-स्मॉल’ या जोडनावाने ओळखते. त्यांतली तीन मुख्य. शंकूचा मोकळ्या हवेतला नैसर्गिक कंप हे पहिले. तो कंप किती लवकर शमतो हे दाखवणारा अंक हे दुसरे. शंकूच्या आधाराइतकीच ताठ असलेली हवा किती लिटर, हे तिसरे. हे तीन अंक कळले की वूफर आणि पेटी यांची खर्जातली जोडी जमेल की नाही हे लाकूड कापण्याआधी सांगता येते.

१९/
उदाहरण घेऊ. समजा, एका वूफरचा नैसर्गिक कंप ३० हर्ट्‌झ, शमनाचा अंक ०.३५ आणि समतुल्य हवा ३० लिटर. त्याला १० लिटरच्या बंद पेटीत बसवले. ३० भागिले १० म्हणजे ३. त्यात १ मिळवून ४. त्याचे वर्गमूळ २. आता दोन्ही अंकांना २ ने गुणायचे. पेटीतला कंप ६० हर्ट्‌झ झाला आणि शमनाचा अंक ०.७०. हा दुसरा अंक ०.७ च्या आसपास असला की खर्ज ना फुगतो ना अकाली गळतो. म्हणजे जोडी जमली. एवढे गणित शाळकरी मुलालाही झेपते. विशेष हे की वर्गमूळ काढणारा खिशात मावेल असा एचपी-३५ गणकयंत्र १९७२ मध्येच बाजारात आला होता.

२०/
हे अंक मोजायलाही प्रयोगशाळा लागत नव्हती. स्वर निर्माण करणारे यंत्र, एक ॲम्प्लिफायर, एक रोधक आणि व्होल्टमीटर पुरे. स्वर हळूहळू चढवत नेला की नैसर्गिक कंपापाशी व्होल्टमीटरचा काटा उसळी घेतो. शंकूवर ज्ञात वजनाचा मातीचा गोळा चिकटवला की तो कंप खाली उतरतो आणि त्या फरकातून आधाराचा ताठपणा काढता येतो. उत्पादक आपल्या माहितीपत्रकांत हे अंक छापू लागले. जे अनुभवी कारागिराच्या कानात दडले होते ते आता छापील ओळीत आले. घरच्या टेबलावर काम करणारा माणूस पहिल्यांदाच रचनाकार होऊ शकत होता.

२१/
याच दशकात फळीवरच्या स्पीकरला त्याचा सर्वाधिक नावाजलेला नमुना मिळाला. बीबीसीला बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा विश्वासू स्पीकर हवा होता. तंत्रज्ञांना केवळ हेडफोनवर भागवणे जमत नव्हते. तिच्या संशोधन विभागाने एलएस३/५ए घडवला. सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद आणि १६ खोल. मापाने तो जाडजूड शब्दकोशाचा भाऊ शोभेल. खोल खर्जाचा हट्ट त्याने सोडला आणि माणसाचा आवाज खरा वाटावा यावर भर दिला. हारवूड, व्हॉटन आणि मिल्स यांनी १९७६ मध्ये त्यावर अहवाल लिहिला. बीबीसी ही लोकांच्या शुल्कावर चालणारी संस्था. संशोधनाचे अहवाल छापण्याची तिची प्रथा हौशी वाचकांच्या फार उपयोगी पडली.

२२/
त्या पेटीतले दोन्ही स्पीकर केईएफ कंपनीचे. व्हार्फडेलमध्ये ब्रिग्जच्या हाताखाली घडलेल्या रेमंड कुक याने १९६१ मध्ये केंट परगण्यातील मेडस्टोन येथे ती काढली. केईएफने तयार स्पीकरबरोबर सुटे भाग आणि घरी जोडायची किट्सही विकली. त्यामुळे बीबीसीच्या गाडीत बसणारे भाग इंग्लंडमधला शाळामास्तरही आपल्या गॅरेजात बसवू शकत होता. सिडनीत गणित मांडणारा रिचर्ड स्मॉल पुढे, १९८० च्या दशकात, केईएफच्याच संशोधन विभागात दाखल झाला. यॉर्कशरचे तळघर, बीबीसी आणि सिडनी हे तिन्ही धागे असे एकत्र आले.

२३/
यानंतर ज्ञानाचा ओघ थांबला नाही. १९७६ मध्ये झिगफ्रीड लिंकविट्झ याने क्रॉसओव्हरवर एक निबंध प्रसिद्ध केला. ह्यूलेट-पॅकार्डमधील सहकारी रस रायली याच्यासह त्याचे नाव आज त्या प्रकारच्या क्रॉसओव्हरला लागते. १९७७ मध्ये व्हान्स डिकासन याचे स्पीकररचनेचे ‘पाककृती-पुस्तक’ निघाले आणि नव्या आवृत्त्यांतून वाढत गेले. १९८० मध्ये अमेरिकेत केवळ स्पीकर घडवणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियतकालिक सुरू झाले. अभियंत्याची नोकरी आणि रविवारची हौस यांच्यामधली भिंत इतकी पातळ झाली की एकच माणूस दोन्हीकडे दिसू लागला.

२४/
हीथ कंपनीने १९९२ मध्ये किटचा धंदा गुंडाळला. इलेक्ट्रॉनिक भाग इतके सूक्ष्म झाले की बोटांत धरता येईनात, आणि यंत्राने जोडलेला तयार माल सुट्या भागांपेक्षा स्वस्त मिळू लागला. मग स्पीकरची किट्स आजही का टिकून आहेत? कारण मघाची साडेआठ मीटर लांबीची लाट. संगणकाची चकती नखाएवढी होऊ शकते. पण हवा हलवायची तर शंकू, चुंबक आणि लाकूड माणसाच्या हातांच्या मापाचेच लागतात. सोल्डरिंगचे चार सांधे, सरस, क्लॅम्प आणि एक शनिवार-रविवार, एवढ्यात आजही एक उत्तम जोडी उभी राहते. निसर्गाच्या एका अडवणुकीनेच ही हस्तकला वाचवली.

२५/
आपल्याकडे गोष्ट वेगळी घडली. १९९१ पूर्वी आयातीवर कडक परवाना होता, त्यामुळे परदेशी स्पीकर सामान्य घराच्या स्वप्नातही येत नसे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्याची बुधवार पेठ येथून सुटे भाग आणायचे, ओळखीच्या कारागिराकडून ॲम्प्लिफायर ‘असेंबल’ करून घ्यायचा आणि प्लायवूडची पेटी सुताराकडून बनवून घ्यायची, ही इथली रीत. पश्चिमेत किट हा छंद होता. येथे जुळवाजुळव ही गरज होती. वूफरवर थील-स्मॉलचे अंक छापलेले नसतील तर पेटीचे माप अंदाजानेच ठरणार. कसब कमी नव्हते. कमी होती ती अंक छापलेली एक चिठ्ठी. छापील ज्ञान कारागिरापर्यंत पोहोचले नाही तर काय होते, याचा याहून साधा पुरावा शोधावा लागत नाही.

२६/
खुलेपणाच्या या कथेलाही मर्यादा आहेत. किटच्या जाहिरातींचा ग्राहक बहुधा पुरुष, पगारदार आणि स्वतःचे गॅरेज असलेला होता. नियतकालिकांतली नावेही जवळजवळ सारी पुरुषांची. रोझमेरी विल्चरचा हात नसता तर पहिला नमुना कसा उभा राहिला असता, हे सांगणे कठीण; तरी कंपनीच्या नावानिशीच्या इतिहासात ती टीपेपुरतीच येते. ब्रिग्ज, हीथ, केईएफ यांपैकी कोणीही धर्मादाय संस्था चालवत नव्हते. ज्ञान वाटले की भाग खपतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. खुले ज्ञान आणि व्यापार यांचे येथे जमले, कारण दोघांचा फायदा एकाच दिशेला होता. तसे नेहमी होत नाही.

२७/
विल्चरने मात्र ही परीक्षाही दिली. १९६७ मध्ये त्याने कंपनी विकली आणि वुडस्टॉकला श्रवणयंत्रांवर संशोधन सुरू केले. ऐकू कमी येणाऱ्यांना हळू आवाज ऐकू येत नाहीत आणि मोठे आवाज मात्र कर्कश बोचतात. म्हणून त्याने ध्वनीचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातले चढउतार वेगवेगळे दाबण्याची पद्धत मांडली. १९७३ मध्ये निष्कर्ष छापले आणि पेटंट घेतले नाही. ज्याला हवे त्याने वापरावे, असा त्याचा व्यवहार होता. आजच्या श्रवणयंत्रांत ती पद्धत सर्रास आढळते.

२८/
इतिहासात शोधाची तारीख शोधण्याची सवय असते. या कथेतील तारखा मात्र दोन-दोन आहेत. हवेच्या आधाराची कल्पना १९४९ ची, ती घरात आली १९५४ मध्ये. थीलचे गणित १९६१ चे, ते जगाला वाचायला मिळाले १९७१ मध्ये. या दोन तारखांमधले अंतर कोणी आणि कसे कापले, हाच खरा इतिहास: एक रेडिओ दुरुस्त करणारा शिक्षक, एक आरेखन जाणणारी स्त्री, एक कापडवाला, एका नियतकालिकाचे संपादक आणि पुस्तिकेतल्या चौकोनांत खुणा करत बसलेले असंख्य अनामिक लोक. फळीवरची पेटी लहान आहे. तिच्यात कोंडलेल्या हवेवर आज कोणाचेही पेटंट नाही.

लेखनसीमा.